भट्टीतून वाचलेले लोखंड
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०१४ सालच्या नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखान्यात एका जुन्या जहाजाच्या पोलादावर गॅसकटर चालू लागला. ते जहाज म्हणजे ‘विक्रांत’, भारतीय नौदलाची पहिली विमानवाहू नौका. १९६१ साली ती नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्या डेकवरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार येथे हल्ले चढवले. १९९७ साली ती निवृत्त झाली आणि पुढे काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी राहिली. शाळांच्या सहली तेथे जात, मुले डेकवर धावत. २०१२ साली सुरक्षिततेच्या कारणास्तव संग्रहालय बंद झाले. मग लिलाव झाला, सुमारे ६० कोटी रुपयांना नौका विकली गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि अखेर तोडणी सुरू झाली. तिच्या पोलादाचा काही अंश २०१६ साली बाजारात आलेल्या एका मोटारसायकलीत गेला, त्याची जाहिरातही झाली. उरलेले कोठे गेले हे भिलाईकरांना सांगण्याची गरज नाही. भंगार कोठे जाते हे या गावाला ठाऊक आहे.

दुसरी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्यासाठी लागलेले सुमारे ३०,००० टन विशेष पोलाद भिलाई, बोकारो आणि राउरकेला या कारखान्यांतून गेले. म्हणजे पहिल्या विक्रांतीचे संग्रहालय देशाला टिकवता आले नाही, आणि दुसरीचे पोलाद याच गावच्या प्लेट मिलमधून निघाले. या दोन घटनांच्या मधोमध आजचा विषय उभा आहे: लष्करी वाहनांची आणि जुन्या मोटारींची संग्रहालये, आणि ती पाहायला कसे जावे.

ज्या गावाची भाकरी लोखंड वितळवण्यावर चालते, त्या गावाला न वितळवलेल्या लोखंडाचे मोल सांगायचे, हे थोडे विचित्रच. पोलाद बनवताना कन्व्हर्टरमध्ये तप्त रसाबरोबर भंगारही घालावे लागते. त्याने उष्णता आटोक्यात राहते. पोलादाला जात नसते, पूर्वजन्म नसतो. जुना रणगाडा आणि जुना पंखा एकाच रसात मिसळतात. म्हणून एखादे यंत्र भट्टीच्या दारातून परत फिरवले गेले असेल, तर कोणीतरी तसा निर्णय घेतला म्हणूनच. संग्रहालयात शिरताना मनात पहिला प्रश्न हा असावा: हे का वाचले? कोणी वाचवले?

मराठी माणसासाठी या विषयाचे तीर्थक्षेत्र एकच, आणि ते महाराष्ट्रात आहे. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. तेथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल ही भारतीय लष्कराच्या चिलखती दलाची मातृसंस्था. तिने १९९४ साली उभारलेले कॅव्हलरी टँक म्युझियम आशियातील आपल्या प्रकारचे आगळे संग्रहालय मानले जाते. नावातील ‘कॅव्हलरी’ म्हणजे घोडदळ. तेथे घोडा एकही नाही, पण नाव हट्टाने जपले आहे, कारण या पलटणी मुळात घोड्यांवरच्या. ‘पूना हॉर्स’ ही पलटण १८१७ साली, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, पुण्यात उभी राहिली. तिचे घोडे गेले, रणगाडे आले, नाव राहिले.

‘रणगाडा’ हा शब्दही पाहण्याजोगा आहे. इंग्रजांनी १९१६ साली सोमच्या रणभूमीवर हे यंत्र प्रथम आणले, तेव्हा गुप्तता राखण्यासाठी ते पाण्याची टाकी असल्याची बतावणी केली. तेच नाव चिकटले. मराठीने त्या बतावणीशी देणेघेणे न ठेवता यंत्र जे आहे ते सांगितले. रणातला गाडा. इंग्रजीपेक्षा मराठी शब्द अधिक प्रामाणिक निघाल्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण.

या संग्रहालयात जाणारे कुटुंब बहुधा दोन चुका करते. पहिली, प्रत्येक रणगाड्यापुढे उभे राहून छायाचित्र काढणे आणि पुढच्याकडे धावणे. दुसरी, पाटीवरचे वजन, तोफेचा व्यास आणि वेग मुलांकडून वाचून घेणे. भिलाईच्या कुटुंबाला याहून चांगली वाट उपलब्ध आहे, कारण या गावच्या घराघरांत पोलाद ओळखणारा डोळा आहे. निवृत्त आजोबांना बरोबर न्यावे आणि नातवंडांनी त्यांना एवढेच विचारावे: हे कसे जोडले आहे?

मग संग्रहालय बोलू लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच्या अनेक रणगाड्यांचे पत्रे रिव्हेटांनी जोडलेले असत. बाहेरून गोळा बसला आणि पत्रा फुटला नाही, तरी धक्क्याने रिव्हेटाचा तुकडा आत उडे आणि बंदुकीच्या गोळीसारखा माणसाला लागे. चिलखतानेच आतल्या माणसाला मारावे, ही ती गत. म्हणून रिव्हेट मागे पडले, वेल्डिंग आले, आणि बुरुजासाठी ओतकाम आले. ओतीव बुरुजाची खडबडीत, किंचित लाटांसारखी त्वचा आणि लाटलेल्या प्लेटचा सपाट पृष्ठभाग यांतला फरक फाउंड्रीत आयुष्य काढलेला माणूस दहा पावलांवरून सांगेल. पॅटनचा ओतीव, कासवाच्या पाठीसारखा बुरुज आणि विजयंताच्या जोडलेल्या सपाट बाजू पाहिल्या, की दोन देशांच्या कारखान्यांची कुवत आणि सवय नजरेत भरते. तिरकस पत्र्यालाही अर्थ आहे. तोच पत्रा तिरपा लावला की गोळ्याला अधिक जाडी भेदावी लागते, आणि काही वेळा गोळा घसरून जातो. पावभाजीचा पाव तिरपा कापला की तुकडा लांब होतो, तेवढेच हे गणित. सातवीच्या मुलालाही ते समजते.

विजयंताची हकिगत मात्र मद्रासजवळच्या आवडीची. ब्रिटिश व्हिकर्स कंपनीच्या आराखड्यावरून १९६० च्या दशकात तो तेथील अवजड वाहन कारखान्यात बनू लागला. स्वातंत्र्यानंतर भिलाईत पहिली झोतभट्टी पेटली ती १९५९ साली, आणि त्यानंतर दशकही लोटले नाही तोच देशात रणगाडे बनू लागले, हा क्रम मुलांना सांगण्यासारखा आहे.

संग्रहालयातील दोन लहान रणगाड्यांकडे फारसे कोणी थांबत नाही, आणि तेथेच अधिक थांबावे. एक सोव्हिएत पीटी-७६, दुसरा अमेरिकी बनावटीचा चॅफी. ‘पीटी’ म्हणजे रशियन भाषेत तरंगता रणगाडा. भिलाईच्या जुन्या पिढीतील ज्या अभियंत्यांनी सोव्हिएत तज्ज्ञांबरोबर काम करताना थोडी रशियन गिरवली, त्यांना त्यातला ‘प्लाव’ लगेच ओळखू येईल, आणि ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले त्यांनाही. आपला ‘प्लव’ आणि रशियनांचा तो शब्द एकाच कुळातले. पाण्यावर चालावे म्हणून या रणगाड्याचे चिलखत पातळ ठेवले आहे. बंदुकीच्या गोळ्या आणि तोफगोळ्यांच्या उडत्या ठिकऱ्या अडवण्यापुरते. मागच्या बाजूला पाण्याचा झोत सोडणारी योजना आहे, त्यावर तो नदी ओलांडतो. पूर्व बंगालच्या नद्यांसाठी हे यंत्र योग्य होते.

२१ नोव्हेंबर १९७१ रोजी, युद्धाची अधिकृत घोषणा होण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी, गरीबपूर येथे दाट धुक्यात हे दोन प्रकारचे रणगाडे समोरासमोर आले. भारताच्या बाजूला ४५ कॅव्हलरीचे १४ पीटी-७६, पलीकडे पाकिस्तानचे चॅफी. पाकिस्तानी तुकडीचे बहुतेक रणगाडे त्या सकाळी नष्ट झाले. भारतीय तुकडीचे नेतृत्व करणारे मेजर दलजीत सिंग नारग बुरुजाबाहेर डोके काढून आज्ञा देत असताना मारले गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. धुक्यात रणगाड्याच्या आतून काही दिसत नाही. जो अधिकारी डोके बाहेर काढतो त्याला दिसते, आणि तोच दिसतोही. संग्रहालयातील पीटी-७६ च्या झाकणाशी उभे राहून हे एक वाक्य मुलाला सांगितले, तर बाकीच्या पाट्या वाचल्या नाहीत तरी चालेल.

पॅटनपुढे मात्र गर्दी असते, आणि ती असणारच. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तर येथे पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती विभागाचे हे अमेरिकी रणगाडे उसाच्या शेतांत आणि मुद्दाम पाणी सोडलेल्या चिखलात रुतले. ८ ते १० सप्टेंबरच्या लढाईत त्यांचे ९७ रणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले, अशी भारताची नोंद आहे. त्या परिसराला पुढे पॅटननगर म्हणू लागले. समोर उभे असलेले भारतीय रणगाडे बव्हंशी जुने शर्मन होते, काही फ्रेंच एएमएक्स-१३ आणि थोडे सेंच्युरियन. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांच्याकडे तर रणगाडाही नव्हता, जीपवर बसवलेली तोफ होती. त्यांना परमवीरचक्र मिळाले, तेही मरणोत्तर. जिंकलेले पॅटन देशभर चौकाचौकांत उभे राहिले. आज कित्येकांच्या बुरुजाखाली फळवाले बसतात, आणि त्यात काही वावगे नाही.

आता त्या प्रश्नाकडे, जो काही पालक दबक्या आवाजात विचारतात. मुलांना हे दाखवावे का? मारण्याची यंत्रे पाहून मूल काय शिकणार? प्रश्न रास्त आहे, आणि तो देशभक्तीच्या एका घोषणेने उडवून लावणे बरे नव्हे. त्याचे उत्तर नगरमध्येच जतन केलेल्या एका सेंच्युरियन रणगाड्यात सापडते. त्याचे नाव ‘फामागुस्ता’.

१६ डिसेंबर १९७१ रोजी, बसंतरच्या लढाईत, पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल या रणगाड्यात होते. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५० चा. लष्करात येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. रणगाड्याला गोळा लागून आग लागली, वरिष्ठांनी बाहेर पडण्याची आज्ञा केली. तोफ अजून चालते आहे असे कळवून ते आतच राहिले. समोरच्या हल्ल्यातले रणगाडे टिपत असताना दुसरा गोळा लागला. वय २१. परमवीरचक्र मिळालेल्या सर्वांत तरुण वीरांपैकी ते एक. त्याच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ साली, १६ सप्टेंबरला, सियालकोट आघाडीवर पडले होते आणि त्यांनाही परमवीरचक्र मिळाले होते. मुंबईत जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या या पारशी सेनानीच्या घराण्यात अशी परंपरागत हकिगत आहे, की पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते आणि तारापूर गाव त्यांना इनाम मिळाले, त्यावरून आडनाव आले.

पण ‘फामागुस्ता’ची गोष्ट १६ डिसेंबरला संपत नाही. तीस वर्षांनी, २००१ साली, अरुणचे वडील निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेतरपाल आपले जन्मगाव पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. वय ८१. फाळणीपूर्वी त्यांचे घर सरगोध्यात होते. लाहोरला ज्यांच्याकडे त्यांचा मुक्काम होता त्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी त्यांचे मनापासून आतिथ्य केले, आणि निघण्याच्या आधल्या रात्री सांगितले, की बसंतरच्या रणात समोरच्या रणगाड्यात आपणच होतो; तुमचा मुलगा आपल्या हातून गेला. यजमानाने हे का सांगितले, आणि वृद्ध पित्याने ते कसे ऐकले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एवढेच पुरे, की दोघांनी एकमेकांचा निरोप माणसासारखा घेतला.

ही हकिगत मुलांना रणगाड्यासमोर उभे करून सांगावी. मग त्यांना यंत्र दिसते, त्यातली बसायची अरुंद जागा दिसते, आत बसलेला मुलगा दिसतो आणि समोरचाही दिसतो. असे मूल युद्धाला खेळ समजणार नाही. उलट ज्या घरात रणगाडा फक्त मोबाइलच्या खेळात दिसतो, त्या घरातल्या मुलाची काळजी अधिक वाटावी.

युद्धसाहित्य आणि ऐटीच्या मोटारी ही दोन टोके वाटतात, पण नगरच्या संग्रहालयातील सर्वांत जुन्या वस्तूंपैकी एक त्यांना जोडते. ती रोल्स-रॉइसची चिलखती मोटार. १९०७ पासून ‘सिल्व्हर घोस्ट’ या नावाने गाजलेली चासी, तिच्यावर १९१४ साली ब्रिटिश नौदलाच्या हवाई विभागाने पोलादी पत्रे चढवले, वर फिरता बुरुज आणि मशिनगन बसवली. पहिल्या महायुद्धात अरबस्तानच्या वाळवंटात लॉरेन्स याच मोटारी घेऊन फिरला, आणि पुढे हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरही त्या धावल्या. याच चासीवर दुसऱ्या कारागिरांनी चांदीच्या मुठींची, मखमली गाद्यांची मोटार बांधली आणि ती राजवाड्यात गेली. इंजिन तेच.

राजवाड्यांतल्या मोटारींचे भाग्य मात्र वेगळे. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि अनेक गाड्या कवडीमोलाने विकल्या गेल्या, काही परदेशी गेल्या, काही भंगारात. ज्या राहिल्या त्या बहुतेक एखाद्या वेड्या माणसामुळे राहिल्या. मुंबईचे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांनी आयुष्यभर जमवलेल्या शंभराहून अधिक मोटारी अहमदाबादजवळ कठवाड्याच्या दस्तान इस्टेटीत ‘ऑटो वर्ल्ड’ या संग्रहालयात उभ्या आहेत. कोल्हापूरचे उदाहरण याहून गोड. छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक मोटार वर्षातून एकदा शाही दसऱ्याला बाहेर पडते, आणि सीमोल्लंघनाला आलेला सारा गाव तिला पाहतो. तिथे तिकीट नाही, पाटी नाही. दसरा हेच तिचे संग्रहालय. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९१४ सालचा, निजामाच्या रेल्वेचा, जॉन मॉरिस कंपनीचा आगीचा बंब आहे. दिल्लीत १९६४ पासून भरणाऱ्या ‘स्टेट्समन’च्या जुन्या मोटारींच्या फेरीत तो आपल्या इंजिनावर धावून आला आहे.

जुन्या गाडीला कायद्यानेही आता ओळख मिळाली आहे. २०२१ साली मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. क्रमांकपट्टीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापराला वा धंद्याला ती चालवता येत नाही. प्रदर्शन, फेरी, देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. ‘मूळ स्वरूपात’ हे शब्द महत्त्वाचे. चासी, सांगाडा किंवा इंजिन बदललेली गाडी यात बसत नाही. भिलाईच्या एखाद्या क्वार्टरमागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आजोबांची जावा, लँब्रेटा वा फियाट उभी असेल, तर तिला नवे इंजिन बसवून ‘चालू’ करण्याआधी हा नियम वाचून घ्यावा.

नगरला जाणे भिलाईहून अवघडही नाही. हावड्याहून पुण्याला जाणारी आझाद हिंद एक्सप्रेस दुर्गला थांबते आणि नागपूर, अकोला, भुसावळ, मनमाड करत थेट अहिल्यानगरला उतरवते. संग्रहालय लष्करी हद्दीत असल्याने ओळखपत्र जवळ असावे आणि वेळा आधी विचारून घ्याव्यात. त्याच गावात भुईकोट किल्ला आहे, जेथे १९४२ ते १९४५ नेहरू बंदिवासात होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले गेले. वाटेत नागपूरला एक दिवस उतरता आले तर मोतीबागेचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय जरूर पाहावे. रायपूर-धमतरीच्या छोट्या गाडीने ज्यांनी प्रवास केला आहे, अशा माजी विद्यार्थ्यांना तेथे डब्याच्या लाकडी बाकाचीसुद्धा ओळख पटेल. ती गाडी आता नाही.

जाता जाता एक सूचना, शाळेच्या हीरक महोत्सव समितीसाठी. या शाळेतून बाहेर पडलेल्या पिढ्यांच्या घरी कारखान्याच्या पहिल्या दशकांतली काही ना काही वस्तू असेल: रशियन-हिंदी शब्दसंग्रहाची वही, पहिल्या पगाराची पावती, हेल्मेट, सोव्हिएत बनावटीचे एखादे मापन-उपकरण, शिफ्टची शिट्टी, प्लेट मिलच्या तुकड्यावर उमटलेला हीट नंबर. पुष्कळ घरांत ती क्वार्टर सोडताना भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. ग्रंथालयातील एक काचेचे कपाट रिकामे करून, तीन महिन्यांच्या आत, प्रत्येक वस्तूसोबत ती कोणाची, कोणत्या विभागातली आणि कोणत्या सालची हे मराठीत लिहून घेऊन ती मांडता येईल. पत्रके या स्मरणिकेबरोबरच पाठवावीत. उत्तरे शाळेच्या कार्यालयात घेण्याची व्यवस्था व्हावी.